आकाश मोठे, वाट अरुंद

विमानाविषयी व्याख्यान म्हटले की शेदोनशे उतारू घेऊन जाणारे प्रचंड विमान आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आज आम्ही ज्या विमानांविषयी बोलणार आहोत ती तशी नव्हेत. दोन किंवा चार माणसे बसतील एवढे, एका इंजिनाचे, नाकाशी पंखा फिरणारे, आणि वजनाने आपल्या मोटारगाडीहून फारसे जड नसलेले असे हे विमान असते. १९३२ साली ऑक्टोबरच्या १५ तारखेला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू तळावर उतरले ते अशाच एका इंजिनाच्या छोट्या विमानातून. आज बारामतीला किंवा गोंदियाला जी तरुण मुले-मुली विमान चालविण्यास शिकतात, तीही अशाच विमानांतून. उद्या शेकडो उतारूंचे प्राण ज्यांच्या हाती सोपवावयाचे त्यांचा श्रीगणेशा या लहान यंत्रात होतो. ही मुले आपल्यासारख्याच गावांतून आणि आपल्यासारख्याच घरांतून आलेली असतात. म्हणून हवेत दोन विमानांची टक्कर कशी होते आणि ती टाळावयाची कशी, हा प्रश्न केवळ वैमानिकांचा राहत नाही. तो थोडासा आपलाही होतो.

येथे प्रथमच कोणी शंका घेईल. रस्त्यावर टक्कर होते हे समजते, कारण रस्ता अरुंद, वळणे आंधळी, माणसे फार. पण आकाशाला ना कठडा, ना कोपरा! लांबी-रुंदी अमर्याद, आणि वर उंचीचे तिसरे परिमाण हाताशी. एवढ्या पोकळीत दोन चिमुकली विमाने एकाच क्षणी एकाच बिंदूवर यावीत, याला दैवयोगच म्हटले पाहिजे. शंका रास्त आहे. विमानविद्येच्या आरंभी पुष्कळ जाणत्या लोकांचीही अशीच समजूत होती. पण ती चुकीची आहे हे दाखविण्यास इतिहासाने फार काळ घेतला नाही. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले, आणि १९१० च्या ऑक्टोबरात इटलीतील मिलान येथे वैमानिकांच्या मेळाव्यात दोन विमाने एकमेकांवर आदळली. सुदैवाने दोन्ही वैमानिक वाचले. सगळ्या जगात विमाने हाताच्या बोटांवर नव्हेत तरी सहज मोजता येण्याजोगी होती, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

याहून बोलके उदाहरण १९२२ सालचे आहे. त्या वर्षी एप्रिलच्या ७ तारखेला लंडनहून पॅरिसकडे टपाल घेऊन निघालेले एक इंग्रज विमान आणि पॅरिसहून लंडनकडे उतारू घेऊन निघालेले एक फ्रेंच विमान उत्तर फ्रान्सवर समोरासमोर आदळले. दोन्ही विमानांतील सातही माणसे दगावली. हवा धुकट होती म्हणून दोघेही खालून उडत होते. आणि वाट चुकू नये म्हणून दोघांनीही जमिनीवरचा एकच रस्ता धरला होता. म्हणजे आकाश मोकळे होते, पण माणसाने स्वतःच ते एका रस्त्याएवढे अरुंद करून घेतले होते. या अपघातानंतर, जमिनीवरील रस्ता, नदी किंवा रेल्वेची वाट धरून उडावयाचे तर आपण तिच्या उजव्या अंगाला राहावे, या नियमाचा आग्रह धरला जाऊ लागला.

आजच्या आमच्या विवेचनाचे सूत्र हेच आहे. आकाश मोठे आहे, पण विमाने आकाशभर विखरून उडत नाहीत. ती ठरावीक ठिकाणी गोळा होतात. प्रत्येकाला त्याच धावपट्टीवर उतरावयाचे असते, त्याच खिंडीतून किंवा त्याच धरणावरून वळावयाचे असते, आणि उंचीही हजार, दोन हजार, तीन हजार फूट अशी गोळाबेरीज आकड्याचीच धरावीशी वाटते. एस. टी. स्टँडसमोरच्या चौकात गर्दी का होते हे जसे सांगावे लागत नाही, तसेच हे आहे. पूर्वी निदान एक गोष्ट आपल्या बाजूची होती. होकायंत्र आणि घड्याळ यांवर उडणारा वैमानिक वाटेपासून मैल-दोन मैल इकडेतिकडे भटके, आणि त्या भटकण्यामुळेच समोरून येणारा टळून जाई. आता उपग्रहांच्या साहाय्याने चालणारे वाटाड्या-यंत्र प्रत्येकाजवळ आले आहे. ते दोन गावांना जोडणाऱ्या रेषेवर विमानाला इतके चोख ठेवते की जाणारा आणि येणारा दोघेही त्याच धाग्यावरून येतात. यंत्राची अचूकता ही सोय खरी, परंतु जुन्या गबाळेपणात जे संरक्षण दडलेले होते ते तिने काढून घेतले.

म्हणून अशा टकरींचा अभ्यास करणाऱ्यांना जे आढळले ते ऐकून प्रथम नवल वाटते. लहान विमानांच्या बहुतेक टकरी रात्री, धुक्यात किंवा वादळात होत नाहीत. त्या लख्ख दिवसा, स्वच्छ हवेत होतात. कारण अशा दिवशीच सर्वांना उडावेसे वाटते. दुसरे असे की त्या दूर रानावर होत नाहीत, विमानतळाच्या आसपास होतात, आणि त्यांतही धावपट्टीकडे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर अधिक होतात. तिसरे असे की दोन विमाने समोरासमोर येऊन आदळण्यापेक्षा एकाने दुसऱ्याला मागून किंवा वरून गाठण्याचे प्रकार पुष्कळ असतात. दोघेही एकाच दिशेला, एकाच ध्येयाकडे चाललेले असतात, आणि दोघांनाही दुसऱ्याची वार्ता नसते.

मग स्वच्छ उजेडात डोळे असलेल्या माणसाला समोरचे विमान दिसत का नाही? या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी आपण क्षणभर जमिनीवर येऊ. सपाट माळावर दोन सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात अशी कल्पना करा. एका रस्त्याने आपण सायकलवरून ताशी बारा किलोमीटर वेगाने चालला आहात. उजवीकडच्या रस्त्याने एक बैलगाडी ताशी चार किलोमीटर वेगाने येते आहे. आपण चौकापासून तीनशे मीटरवर असताना गाडी शंभर मीटरवर आहे. आपण दीडशे मीटरवर येता तेव्हा गाडी पन्नास मीटरवर येते; आपण तीस मीटरवर, तेव्हा गाडी दहा मीटरवर. अंतरे घटत गेली, पण त्यांचे प्रमाण कायम राहिले. याचा अर्थ असा की मान न वळवता पाहिले तर ती बैलगाडी सबंध वेळ आपल्या उजव्या खांद्याच्या पुढे अगदी एकाच जागी दिसेल. ती पुढे सरकणार नाही, मागे पडणार नाही, फक्त मोठी होत जाईल. आणि चौकात आपली गाठ पडेल. गाडी जर पुढे सरकताना दिसली असती तर ती आपल्याआधी निघून गेली असती. मागे पडताना दिसली असती तर आपण आधी निघून गेलो असतो.

समुद्रावरचे खलाशी ही गोष्ट फार पूर्वीपासून जाणतात. दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होते आहे, म्हणजे टक्कर ठरलेली आहे. विमानालाही हेच लागू पडते. काचेवरून जे विमान सरकत जाते ते बहुधा निरुपद्रवी असते. जे काचेवर एका जागी चिकटून बसल्यासारखे दिसते, तेच आपल्यावर चालून येत असते.

आता निसर्गाने आपल्याला डोळा कसा दिला आहे ते पाहा. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला तर त्याच्या नखाची जेवढी रुंदी दिसते, साधारण तेवढ्याच भागात आपली दृष्टी खरोखर तीक्ष्ण असते. त्याच्या बाहेरचे सारे आपल्याला अंधुक दिसते. केवळ डोळा सतत फिरत असल्यामुळे सर्व स्पष्ट दिसते असा भास होतो. या कडेच्या अंधुक दृष्टीचा एक मोठा गुण आहे. तिला हालचाल चटकन कळते. अंगणात वाचत बसलो असता कोपऱ्यातून मांजर गेले की मान आपोआप वळते ती यामुळेच. परंतु जे विमान आपल्याला धडकणार आहे ते तर हलतच नाही! म्हणजे ज्याच्यापासून धोका नाही त्याची वर्दी डोळा आपण होऊन देतो, आणि ज्याच्यापासून प्राणाला धोका आहे त्याच्याविषयी तो गप्प राहतो. हवेतील टकरीचे मर्म या एका गोष्टीत साठवलेले आहे, असे आमचे मत आहे.

यात आणखी दोन-तीन अडचणींची भर पडते. निरभ्र आकाशात पाहण्यासारखे काहीच नसले म्हणजे डोळ्याचे भिंग आपोआप जवळच्या काही मीटरवर स्थिरावते आणि दूरचे बारीक पदार्थ पुसट होतात. विमानाच्या काचेच्या चौकटीचा खांब एका डोळ्याआड जे झाकतो ते दुसरा डोळा दाखवीलच असे नाही. काचेवर चिरडलेल्या किड्याचा ठिपका आणि दूरचे विमान यांत पहिल्या नजरेला काडीचा फरक नसतो. आणि विमानाला पंख असतात! ज्यांचे पंख छताच्या पातळीवर असतात त्यांना वरचे दिसत नाही. ज्यांचे पंख खाली असतात त्यांना खालचे दिसत नाही. उतरण्याच्या टप्प्यावर वरच्या पंखांचे विमान खाली आणि खालच्या पंखांचे विमान त्याच्या बरोबर वर आले, तर दोघेही एकमेकांना आपापल्या पंखाआड लपवून एकाच धावपट्टीकडे उतरत राहतात.

वेळेचा हिशोबही पाहू. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने वैमानिकांसाठी एक कोष्टक प्रसिद्ध केलेले आहे. वस्तू नजरेस पडण्यास एक दशांश सेकंद. ते विमान आहे हे ओळखण्यास १ सेकंद. ते आपल्यावरच येत आहे हे उमगण्यास ५ सेकंद. कोणीकडे वळावे हे ठरविण्यास ४ सेकंद. हातापायांची हालचाल होण्यास चार दशांश सेकंद. आणि विमान प्रत्यक्ष वळू लागण्यास २ सेकंद. एकूण साडेबारा सेकंद झाले. ताशी १०० नॉट, म्हणजे सुमारे १८५ किलोमीटर वेगाची दोन लहान विमाने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला शंभराहून अधिक मीटरने तुटते. साडेबारा सेकंदांपूर्वी ती एकमेकांपासून तेराशे मीटरच्या आत-बाहेर असतात. एवढ्या अंतरावर ११ मीटर लांबीचे पंख किती मोठे दिसतात? पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढे. पण चंद्र भरीव आणि तेजस्वी असतो. समोरून येणाऱ्या विमानाचे पंख म्हणजे एक बारीक रेघ, आणि मधले धड म्हणजे चंद्राच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठिपका. त्याआधी पाव मिनिट हा ठिपका याच्याही निम्म्याहून लहान होता. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत मात्र तो एकदम फुलत जातो आणि सारी काच व्यापतो, पण तेव्हा करण्यासारखे फारसे उरलेले नसते.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की मोठ्या विमानातल्या अनुभवी वैमानिकांची गोष्ट वेगळी असेल. १९७८ सालच्या सप्टेंबरच्या २५ तारखेला अमेरिकेतील सॅन दिएगो शहरावर जे घडले त्याने या समजुतीलाही धक्का दिला. सकाळची स्वच्छ वेळ होती. एक बोइंग ७२७ विमान शहराच्या विमानतळाकडे उतरत होते. त्याच्या पुढे आणि खाली एक चिमुकले सेस्ना १७२ विमान चालले होते. त्यात एक शिकणारा वैमानिक आणि त्याचा शिक्षक असे दोघे होते. नियंत्रकाने बोइंगच्या वैमानिकांना सेस्नाची सूचना दिली. त्यांनी ते दिसल्याचे कळविले, आणि नजरेच्या आधारे अंतर राखण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे सेस्ना नजरेआड झाले. ते मागे पडले असावे अशी त्यांनी समजूत करून घेतली. दिसेनासे झाले आहे असे मात्र नियंत्रकाला स्पष्टपणे सांगितले नाही. इकडे सेस्नाही नेमून दिलेल्या दिशेपासून न सांगता थोडे वळले होते. खाली शहराची रंगीबेरंगी घरे पसरलेली, आणि त्यांच्या पार्श्वभूमीवर एक लहान विमान; ते उठून दिसणार कसे? टकरीच्या १९ सेकंद आधी नियंत्रण केंद्रातील यंत्राने धोक्याची सूचना दिली होती. पण वैमानिकांना सेस्ना दिसते आहे अशा समजुतीने तिकडे लक्ष दिले गेले नाही. दोन्ही विमानांतील १३७ आणि खाली आपापल्या घरी असलेली ७, अशी १४४ माणसे मृत्युमुखी पडली.

या दुर्घटनेत कोणी बेफिकीर गुन्हेगार नव्हता. प्रत्येकाने आपले काम बहुतांशी बरोबर केले होते, आणि उरलेला थोडा भाग दुसरा सांभाळील असे गृहीत धरले होते. “पाहिले होते” आणि “पाहत आहे” यांतील अंतर एवढे महाग पडले. संशय आला त्या क्षणी “आता दिसत नाही” एवढे तीन शब्द बोलण्यात कमीपणा मानू नये, हा त्यातला धडा आहे.

तर मग उपाय काय? वैमानिकांना जे शिकविले जाते त्याचा सारांश आम्ही आपणांपुढे ठेवतो.

पहिला उपाय नजरेच्या शिस्तीचा. आकाशावरून नजर सरसर फिरवून भागत नाही, कारण फिरता डोळा जवळजवळ आंधळा असतो. आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाडावे, एकेका तुकड्यावर निदान एक सेकंद नजर स्थिर करावी, मग पुढच्यावर जावे. मधूनमधून क्षितिजावरच्या डोंगराकडे किंवा ढगाकडे पाहून डोळ्याला दूरचे पाहण्याची आठवण द्यावी. खांबाआड काय आहे हे पाहण्यास डोके पुढेमागे करावे. उड्डाणापूर्वी काच पुसणे हे शोभेचे काम समजू नये. आणि यंत्रांच्या तबकड्यांकडे जेवढे पाहावयाचे त्याच्या कितीतरी पट बाहेर पाहावे. शिकाऊ विमानात हा दोष विशेष संभवतो. शिकणारा तबकड्यांत गुंतलेला आणि शिकविणारा शिकणाऱ्यात गुंतलेला. दोन माणसे, चार डोळे, आणि बाहेर कोणीच पाहत नाही!

परंतु नजरेची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. समोरचे अर्धे वर्तुळ आणि वरखाली तीस अंश एवढा भाग अशा रीतीने निरखावयाचा झाला तर चौपन्न तुकडे होतात, म्हणजे जवळजवळ एक मिनिट लागते. तेवढ्या वेळात समोरासमोरची दोन विमाने साडेपाच किलोमीटर जवळ येतात. ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा तपास संस्थेने १९९१ साली याच विषयावर एक अहवाल काढला, आणि केवळ “पाहा आणि टाळा” या तत्त्वावर विसंबता येणार नाही असे बजावले. कोणीकडे पाहावयाचे हे आधी कळले, तर मात्र त्याच डोळ्यांची शक्ती सुमारे आठपट होते असेही आढळून आले आहे. सांगितलेल्या माणसाला दिसते, न सांगितलेल्याला दिसत नाही. म्हणून पुढचे सर्व उपाय हे नजरेला मदत करणारे आहेत.

दुसरा उपाय म्हणजे वाटेचे नियम. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावयाचे. वाटा छेदत असल्यास ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावयाची. पुढे जाणाऱ्याला गाठावयाचे तर त्याच्या उजवीकडून जावयाचे. उतरताना जो खाली आहे त्याचा मान पहिला, पण त्या मानाचा गैरफायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसावयाचे नाही. इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला वाट द्यावयाची, कारण ग्लायडरला थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय नसते. हडपसरच्या केंद्रामुळे पुणेकरांना ग्लायडर परिचित आहेत. वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या एकाच झोतात अनेक ग्लायडर घिरट्या घालतात तेव्हा जो पहिला आला त्याची फिरण्याची दिशा मागून येणाऱ्या सर्वांनी स्वीकारावयाची असा दंडक आहे.

उंचीचेही नियम आहेत. ठरावीक उंचीच्या वर नजरेच्या आधाराने उडणाऱ्याने पूर्वेच्या अर्ध्या वर्तुळाकडे जाताना साडेतीन, साडेपाच, साडेसात हजार फूट अशी, आणि पश्चिमेकडे जाताना साडेचार, साडेसहा, साडेआठ हजार फूट अशी उंची धरावी. त्यामुळे उलट जाणाऱ्यांत हजार फुटांचे अंतर राहते. तरीही जवळजवळ उत्तरेकडे जाणारा आणि जवळजवळ दक्षिणेकडे जाणारा हे दोघेही पूर्वेच्याच अर्ध्यात मोडू शकतात. नियमाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

तिसरा उपाय विमानतळाजवळच्या वागणुकीचा. धावपट्टीभोवती विमानांनी फिरण्याचा एक ठरलेला चौकोनी फेरा असतो. त्याला सर्किट म्हणतात. वारा पाठीशी घेऊन धावपट्टीला समांतर जावयाचे, मग एक वळण, मग दुसरे, आणि शेवटी धावपट्टीकडे सरळ उतरण. देवळातील प्रदक्षिणेसारखाच हा प्रकार आहे. सर्वजण एकाच बाजूने फिरतात तोवर हजार माणसे सुखाने फिरतात. एकाने उलट फिरावयाचे ठरविले की गोंधळ. या फेऱ्यात योग्य उंचीवर, बाजूने शिरावे; वरून त्यात उतरू नये, कारण खाली कोण आहे ते दिसत नाही. शेवटच्या वळणापूर्वी उतरणीच्या वाटेकडे एकदा मुद्दाम पाहावे, की लांबून सरळ कोणी येत तर नाही ना. वळण्यापूर्वी त्या बाजूचा पंख क्षणभर उचलून पाहावे. लांब चढण किंवा उतरण चालू असेल तेव्हा थोडे डावी-उजवीकडे वळत जावे, म्हणजे नाकाआड काय दडले आहे ते उघडे पडते. दिवसाही दिवे लावावे. आणि काचेवर न हलणारा ठिपका दिसला तर तो काय आहे याचा निवाडा होईपर्यंत थांबू नये. आपली दिशा बदलावी, तो सरकू लागला की निश्चिंत व्हावे, आणि तोवर त्याच्यावरची नजर काढू नये.

चौथा उपाय बोलण्याचा. पुष्कळ लहान तळांवर नियंत्रण मनोरा नसतो. तेथे प्रत्येकाने रेडिओवर आपण कोठे, किती उंचीवर आणि काय करणार हे सांगावयाचे असते. यात सांगण्याइतकेच ऐकणे महत्त्वाचे आहे. तळावर पोहोचण्यापूर्वी दहा मिनिटे जो ऐकू लागतो त्याच्या मनात कोण कोठे आहे याचे चित्र तयार होते. पण रेडिओवर कोणी बोलले नाही म्हणजे तेथे कोणी नाही, असे मात्र समजू नये. एखाद्याचा रेडिओ बिघडलेला असेल, एखाद्याने चुकीचे स्थानक लावले असेल.

यंत्रांनी या कामी मोठी मदत केली आहे. पण तीही रक्त सांडल्यानंतर आली. १९८६ च्या ऑगस्टच्या ३१ तारखेला लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस या वस्तीवर एका पायपर विमानाची आणि मेक्सिकोच्या एका डीसी-९ विमानाची टक्कर झाली. लहान विमान परवानगीशिवाय मोठ्या विमानांच्या राखीव हद्दीत शिरले होते. त्यावरील ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला आपली ओळख सांगणारे यंत्र, विमानाची उंची सांगत नव्हते. दोन्ही विमानांतील ६७ आणि जमिनीवरील १५ माणसे मेली. १९८७ साली अमेरिकेत मोठ्या विमानांवर टक्करनिवारक यंत्र बसविण्याचा कायदा झाला. हे यंत्र दुसऱ्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला प्रश्न विचारते, उत्तरावरून अंतर आणि उंची जोखते, आणि वर जा किंवा खाली जा असे वैमानिकाला सांगते. आपल्या देशात १९९६ च्या नोव्हेंबरच्या १२ तारखेला हरयाणात चरखी दादरी येथे दोन परदेशी विमाने आदळून ३४९ माणसे गेली. हवेतील टकरींत याहून अधिक माणसे कधीच दगावलेली नाहीत. ती दोन्ही मोठी विमाने होती. पण त्या अपघातानंतरच आपल्याकडेही मोठ्या विमानांना हे यंत्र सक्तीचे झाले.

लहान विमानांसाठीही आता आपली जागा आपणच प्रक्षेपित करणारी स्वस्त आणि सुटसुटीत यंत्रे निघाली आहेत. ग्लायडरवाल्यांनी तर स्वतःसाठी वेगळेच यंत्र निर्माण केले. पण ही सर्व यंत्रे एका अटीवर चालतात. समोरच्याकडे तसे यंत्र असले पाहिजे आणि ते चालू असले पाहिजे. ज्याच्याजवळ ते नाही तो त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. म्हणून पडद्यावर कोणी नाही हे पाहून जो वैमानिक बाहेर पाहणे सोडतो, त्याने एक धोका घालवून दुसरा घरात घेतला असे म्हणावे लागेल.

शेवटी आपल्यापैकी जे कधी वैमानिक होणार नाहीत त्यांच्याविषयी. कधी अशा लहान विमानात बसण्याचा योग आला तर शेजारच्या माणसाला त्रास नको म्हणून गप्प बसू नका. बाहेर पाहा, आणि विमान दिसले तर लगेच बोटाने दाखवा. चांगल्या वैमानिकाला याचा राग येत नाही. उलट निघण्यापूर्वी तोच तसे सांगून ठेवतो. आणि आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी हे शिक्षण घेत असेल, तर सुटीत घरी आल्यावर किती तास उड्डाण झाले एवढेच विचारू नका. त्या तासांत बाहेर किती पाहिले, हेही विचारा.

सॅन दिएगो आणि सेरिटोस या दोन ठिकाणी मिळून बावीस माणसे जमिनीवर होती. कोणी घरी, कोणी दारी. त्यांनी तिकीट काढले नव्हते, विमानात पाऊल ठेवले नव्हते. वर कोणीतरी आपली खात्री करून घेईल, या भरवशावर ती खाली आपली रोजची कामे करीत होती. आपणही तशीच करतो. तो भरवसा राखणे हे वैमानिकाचे काम आहे. आणि जेथे शिपाई नाही, चौकी नाही, पाहणारा साक्षीदार नाही, तेथे दोन हजार फुटांवर एकट्याने, कोणी सांगितले नसताना, वळण्यापूर्वी पंख उचलून पाहणे हा त्याचा धर्म आहे.